वाळूत घडलेलं सोनं

संपादक महोदय,

फिजी या जेमतेम नऊ लाख वस्तीच्या बेटांच्या देशाकडे आपल्या किनारपट्टीने जरा डोळे उघडून पाहावे. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये सात जणांची रग्बी (लांबट चेंडू हातात धरून, पकडी चुकवत पळायचा खेळ) प्रथमच आली आणि अंतिम सामन्यात फिजीने ब्रिटनला 43-7 असे लोळवले. देशाचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक, आणि थेट सुवर्ण! त्या आनंदात तिथे चक्क 7 डॉलरची नोट निघाली. टोकियोत न्यूझीलंडला हरवून पुन्हा सुवर्ण, पॅरिसला रौप्य. हा दमसास त्यांनी सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्या धावत चढून कमावला.

इथे गुहागरच्या पुळणीवर ओहोटी लागली की पोरं अनवाणी कबड्डी मांडतात. परवा एका दहावीतल्या पोराने दोघांच्या पकडीतून अशी गिरकी घेतली की जाळी विणणारे खलाशीही हात थांबवून बघत राहिले. घोटाभर वाळूत असं पळणाऱ्याला रग्बी जड जाणार नाही, अशी माझी खात्री आहे. जिल्ह्याच्या क्रीडा खात्याने निदान सुट्टीत तरी चार चेंडू आणि एक जाणता प्रशिक्षक इथे पाठवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, गुहागर