गाडीचा फोटो आणि फ्रेंच कर्व्ह

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "गाडी विकायला काढतोय. फोटो पाठवलेत, जरा चकाचक करून दे. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम." त्या दोन मिनिटांवरून मी चिडले आणि फोन ठेवला. बोलण्यात नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

गेले चार महिने रोज रात्री तासभर मी फोटोशॉपमध्ये गाड्यांचे फोटो उघडून बसते. (आई, चष्म्याचा नंबर आहे तेवढाच आहे.) पहिल्याच दिवशी एका लाल गाडीचा फोटो घेतला आणि सॅच्युरेशनचा, म्हणजे रंग भडक करायचा स्लायडर उजवीकडे ढकलला. गाडी लालभडक झाली खरी, पण बॉनेटवरची घडी, दारावरून जाणारी बारीक कड, सगळं त्या लालीत बुडालं. नुसतं प्लॅस्टिकचं खेळणं. जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. लाल वरच्या पायरीला टेकला की उजेड-सावलीचा फरक दाखवायला जागाच उरत नाही. कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं कच्चंच ठेवणाऱ्या १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये अशा १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणून मुरलेले लोक रॉशिवाय हात लावत नाहीत. मी अजून मुरलेली नाही, पण त्या स्लायडरपासून लांब राहते.

खरी गंमत पुढे. गाडी मागच्या दृश्यातून वेगळी कापायची तर तिच्या कडेने रेघ मारावी लागते, आणि त्यासाठी पेन टूल असतं. मी छपराच्या कमानीवर ठिपके देत गेले. चाळीसेक झाले असतील. कापून बघितलं तर छप्पर खडबडीत, भाकरीच्या कडेसारखं! मग लक्षात आलं की वळण जिथे दिशा बदलतं तिथेच ठिपका द्यायचा आणि त्याला फुटलेल्या दोन दांड्या ओढून मधली कमान बसवायची. अख्खं छप्पर चार ठिपक्यांत आलं.

बाबा, तेव्हा तुम्ही आठवलात. ड्रॉइंग बोर्डवर वाकून, ते पारदर्शक फ्रेंच कर्व्ह, वळणदार रेघांची ती पट्टी, सरकवत तुम्ही रेघ जुळवायचात. मी शेजारी बसून ठिपक्याला ठिपका जोडायचे, की तुम्ही म्हणायचात, "रेघेला श्वास घेऊ दे." मी मग या वळणांचा माग काढला. या रेघांना बेझियर कर्व्ह म्हणतात. पिएर बेझियर हे रेनॉ कंपनीतले इंजिनिअर. १९६०च्या दशकात गाडीच्या पत्र्याचे आकार यंत्राला गणिताने सांगता यावेत म्हणून त्यांनी ही पद्धत वापरात आणली. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी तेच गणित १९५९ मध्येच मांडलं होतं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं आणि नाव बेझियर यांचं झालं. म्हणजे ज्या रेघेने मी गाडी कापतेय, ती गाडी घडवायलाच जन्मली. हे वाचलं त्या रात्री तुम्हाला फोन करणार होते, पण दोन वाजले होते.

कापणं जमलं तरी गाडी दुसरीकडे नेऊन ठेवणं जमत नाही, कारण गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा. मी एक गाडी मोकळ्या माळावर ठेवली. टायर जमिनीला टेकतो तिथे सावली सर्वांत गडद हवी, तीही केली. तरी काहीतरी खुपत होतं. तासाभराने दिसलं: माळावर उभ्या गाडीच्या दारात तीन मजली इमारत! काचांमधून पलीकडचं जुनं पार्किंगही दिसत होतं. काचा वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर घ्यायच्या असतात, हे त्या दिवशी शिकले.

आता तुमचे फोटो. दारात तुमचा पांढरा शर्ट दिसतोय, आणि त्याच्या बाजूला "इकडून काढा" म्हणणारा आईचा हात. शर्ट नेमका दारावरच्या त्या कडेवर पडलाय. शेजारचा रंग उचलून क्लोन करायला गेले तर कड वाकडी व्हायची. शेवटी कडेच्या वरचा आणि खालचा भाग वेगळा निवडून एकेक भरला. दीड तास गेला, फक्त शर्टाला. हात राहू दिलाय, वेळच नव्हता.

मागच्या दाराखालचा पोचा मात्र मी काढलेला नाही आणि काढणार नाही. काढता येतो, पाच मिनिटांत. तो कोणी पाडला याचा तुमचा दोघांचा वाद तुमच्यापाशी ठेवा, पण फोटो बघून माणूस गाडी घ्यायला येणार. धूळ, प्रतिबिंब, मागची कचरापेटी हे गाडीचं नाही, ते मी पुसते. पोचा गाडीचा आहे. बाबा, तुम्ही रागावाल, चालेल.

एक करा, फोटो पुन्हा काढा. ढगाळ दिवशी, नाहीतर सूर्य मावळल्यावर लगेच, म्हणजे रंगावर चकाकीचे डाग पडणार नाहीत. गाडी मोकळ्या जागी लावा. जवळ जाऊन काढू नका, नाक फुगल्यासारखं दिसतं; मागे सरका आणि झूम करा. मोबाइल हेडलाइटच्या उंचीवर धरा. पुढची चाकं अशी वळवा की टायरच्या नक्षीऐवजी रिम समोर दिसेल. गडद कपडे घाला. आईला तुमच्या मागे उभी करा, बाजूला नको. पोच्याचा एक फोटो जवळून, वेगळा. आणि चॅटवरून पाठवू नका, फोटो दाबून लहान होतो. मूळ फाइल ईमेल करा.

तुमची,
लेक

ता. क. फ्रेंच कर्व्हची ती चपटी डबी मागच्या वेळी डिकीत, जॅकखाली बघितली होती. गाडी देण्याआधी काढून घ्या. ती मला हवी आहे.