उंच काच बसवली म्हणजे वारा लागत नाही, हे खरं नव्हे

महोदय,

दुचाकीवरच्या लांबच्या प्रवासाची तयारी सांगणाऱ्या आपल्या पानावर 'पुढची काच मोठी घ्या' असा सल्ला होता. पुणे-बेंगळुरू महामार्गालगत मलकापूरला माझं गॅरेज आहे आणि हाच सल्ला ऐकून आलेली माणसं माझ्याकडे गाडी थांबवतात. तक्रार ठरलेली. ऐंशीच्या पुढे गेलं की हेल्मेट गदागदा हलतं, मान आखडते, पुढच्या ट्रकची नंबरप्लेट धड वाचता येत नाही. आणि काच तर आत्ताच मोठी बसवलेली असते!

काच वारा अडवत नाही, वर ढकलते. तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, म्हणून वरच्या कडेवरून सुटलेला वारा आत ओढला जातो आणि त्याचे भोवरे होतात. काच आखूड असेल तर हे भोवरे छातीवर येतात, खूप उंच असेल तर डोक्यावरून जातात. मधल्या उंचीची काच सगळ्यात वाईट, कारण भोवरे नेमके हेल्मेटवर आदळतात. त्यात वेग दीडपट झाला की वाऱ्याचा जोर सव्वादोनपट होतो. गावात साठने फिरताना न जाणवलेला त्रास नव्वदला असह्य होतो तो यामुळेच.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एवढं करून बघा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर वेग एकसारखा ठेवून पायदानावर किंचित उभं राहा. खंबाटकी घाटात किंवा शेजारी ट्रक असताना नको. डोकं वर गेल्यावर हेल्मेट शांत झालं तर काच आखूड हवी. उलट, जरा खाली वाकल्यावर शांत झालं तर थोडी उंच हवी. एकदा काच काढूनही गाडी चालवा. आवाज मोठा पण सलग आला आणि डोकं हललं नाही, तर दोष काचेचाच.

पुष्कळदा नवी काच लागतच नाही. बोल्ट थोडे लांब घेऊन काचेमागे वॉशर टाकायचे आणि काचेच्या खालच्या कडेशी दोन बोटं फट ठेवायची. तिथून आत शिरलेली हवा मागची पोकळी भरून काढते आणि वरचे भोवरे मंदावतात. नंतर फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या बोल्टांना एकेक वॉशर वाढवून कल बदलून बघायचा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. बोल्टाभोवतीचा रबर बुश दबून चपटा होईपर्यंत बोल्ट आवळू नये. ॲक्रिलिकची काच भोकापासूनच तडकते. शेवटी हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ओढली जात नाही ना, ते पाहायलाच हवं.

कधी वारा खालूनही येतो, फोर्क (म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे) आणि टाकीच्या मधून. तिथे रेक्झिनचा तुकडा लावून फरक पडतो, फक्त इंजिनाची हवा अडता कामा नये. ढिलं हेल्मेट आणि पुढे छज्जा असलेलं हेल्मेट, दोन्ही त्रास वाढवतात. आयएसआय खुणेचं, गालाला घट्ट बसणारं हेल्मेट घ्यावं.

मला खरी काळजी आहे ती आडव्या वाऱ्याची. आषाढात पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा फोर्कवर किंवा हॅण्डलवर बसवलेली मोठी काच होडीच्या शिडासारखी फुगते आणि हॅण्डल ओढते. पाटणच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. शिवाय पावसात, रात्री, समोरून दिवे येत असताना ओरखडे पडलेल्या काचेतून बघायचं म्हणजे जिवाशी खेळ. नजर काचेच्या वरून गेली पाहिजे, काचेतून नव्हे.

पाच फूट दोन इंचाच्या बाईंना आणि सहा फुटी माणसाला एकच काच कशी चालेल? तरी दुकानात काच विकली जाते ती गाडीचं नाव विचारून, चालवणाऱ्याची उंची कोणी विचारत नाही. माझी विक्रेत्यांना विनंती आहे की काच बसवल्यावर गिऱ्हाइकाला एक फेरी मारू द्या आणि जमली नाही तर बदलून द्या. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी काचेला उभ्या खाचा दिल्या आणि कोणत्या उंचीच्या माणसाला कोणती खाच, हे पुस्तिकेत छापलं, तर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या माझ्या दारात थांबणार नाहीत. मला ते चालेल.

— एक दुचाकी मेकॅनिक, मलकापूर (कराड)