मोबाइल जमा करायचे, पण कुठे आणि कसे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. शाळांत विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर बंदी घाला, ही मागणी दर जूनमध्ये नव्याने होते. शाळाही फाटकावर ‘मोबाइल आणण्यास सक्त मनाई’ असा फलक लावतात आणि गणपती येईपर्यंत मोबाइल दप्तराच्या तळाशी, डब्याच्या पिशवीत, मोज्यात पुन्हा दिसू लागतात. सकाळच्या दहा मिनिटांत शे-दोनशे मोबाइल घ्यायचे कुणी, ठेवायचे कुठे आणि संध्याकाळी ज्याचे त्याला द्यायचे कसे, हे कुणी ठरवलेलेच नसते. मुलांच्या हट्टापेक्षा बंदी याच कारणाने जास्त फसते.

फ्रान्सचे उदाहरण यासाठी बोलके आहे. तिथे २०१८ मध्ये प्राथमिक शाळा आणि ‘कोलेज’ म्हणजे साधारण ११ ते १५ वर्षांच्या मुलांच्या शाळा यांत मोबाइल वापरायला कायद्याने मनाई झाली. पण मोबाइल बंद करून दप्तरात ठेवायची मुभा राहिली. मग २०२४ मध्ये सुमारे २०० कोलेजांत सकाळीच मोबाइल मुलांपासून वेगळा ठेवण्याचा प्रयोग करावा लागला. खिशातला मोबाइल बंद आहे की नाही, यावर कुठल्याही शिक्षकाला सहा तास नजर ठेवता येत नाही.

आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्येच शाळांतील मोबाइलवर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही, असे म्हटले. वर्गात वापर नको, सामायिक जागांत आणि शाळेच्या वाहनांत कॅमेरा व रेकॉर्डिंग नको, शक्य तिथे मोबाइल जमा करून सुटताना परत द्यावा, नियम पालक, शिक्षक व तज्ज्ञांशी बोलून ठरवावेत, अशी त्या निकालाची दिशा आहे. ती आम्हाला पटते. वाडीवस्तीवरून दोन एसटी बदलून येणाऱ्या आठवीच्या मुलीची शेवटची गाडी चुकली तर तिच्याजवळ मोबाइल असलाच पाहिजे. ‘आणूच नका’ म्हटले की अशी मुले तो लपवून आणतात, आणि लपवलेला मोबाइल जमा होत नाही. म्हणून आणू द्यावा, पण परिपाठापासून शेवटच्या घंटेपर्यंत तो हातात नसावा.

आता जमा करण्याचे गणित. बहुतेक शाळा फाटकावर एक टेबल मांडतात. मोबाइल घेणे, नाव विचारणे, टिकमार्क करणे यात नीट केले तरी दहा सेकंद जातात. दोनशे मोबाइलना दोन हजार सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटे. तोवर परिपाठ संपून पहिला तास निम्मा झालेला असतो, रांग रस्त्यावर जाते आणि तिसऱ्या दिवशी शिपाई ‘जा, जा’ म्हणू लागतो. हेच काम वर्गात केले तर एका वर्गात वीस मोबाइल धरून साडेतीन मिनिटांत आटोपते, कारण दहा वर्गांत ते एकाच वेळी चालते. हजेरी घेतानाच, हजेरी क्रमांकाच्या क्रमाने, मुलाने पुढे येऊन आपल्या कप्प्यात मोबाइल ठेवावा. ज्याने आणलेला नाही त्याने हजेरीला उत्तर देतानाच ‘नाही’ म्हणावे. वेगळी नोंदवही लागत नाही. हजेरीपटाशेजारी एक छापील तक्ता पुरतो.

पेटी कुठल्याही सुताराकडून होते. कव्हरसह मोठ्यात मोठा मोबाइल साधारण १७ सेंमी लांब, साडेआठ सेंमी रुंद आणि दीड सेंमी जाड धरावा. मोबाइल ताटाळ्यातल्या ताटांसारखे उभे राहावेत. कप्प्याची रुंदी ३ सेंमी, खोली १० सेंमी. सहा मिलिमीटरच्या प्लायच्या पट्ट्या मध्ये घातल्या की बारा कप्प्यांची ओळ ४५ सेंमीत बसते. अशा दोन ओळी म्हणजे चोवीस मोबाइल. तळाला रबरी चटई, वर कडी आणि कुलूप. रिकाम्या टोपलीत किंवा पिशवीत मोबाइल एकावर एक टाकू नयेत. काच तडकते, ‘आधी तडकलेली नव्हती’ असा वाद होतो आणि त्या एका वादात सगळी योजना बंद पडते. कापडी कप्प्यांचा पडदा स्वस्त पडतो. पण तो भिंतीवर उघडा असतो आणि प्रयोगशाळेच्या तासाला वर्ग रिकामा राहतो, म्हणून तो टाळावा. भरलेली पेटी पाच किलोच्या वर जाते. ती मुलांना जिन्यावरून उचलायला लावू नये. वर्गातल्याच कपाटात कुलपात ठेवावी, फक्त ते कपाट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून किंवा पत्र्याखाली नसावे. उष्णता बॅटरीला वाईट. फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल पेटीत घेऊच नये, तो कार्यालयात वेगळा ठेवून पालकांना कळवावे. पेटीत चार्जिंगची सोय अजिबात देऊ नये.

मोबाइल पूर्ण बंद करूनच घ्यावा, ‘सायलेंट’ चालत नाही. सायलेंटवरही गजर वाजतो आणि लाकडी पेटीत एका मोबाइलची थरथर सगळ्या वर्गाला ऐकू जाते. बंद करण्याआधी पडदा उजळतो का, एवढे पाहावे. घरातला मेलेला जुना मोबाइल पेटीत आणि चालू मोबाइल दप्तरात, ही युक्ती सगळीकडे सापडते. कॉल आणि संदेश दाखवणारी स्मार्ट घड्याळेही याच नियमात घ्यावीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मोबाइलची एकदाच नोंद करावी: कंपनी, रंग, आधीचे तडे आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक मोबाइलच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. डायलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की तो क्रमांक दिसतो. पूर्ण क्रमांक पालकांनी स्वतःकडे लिहून ठेवावा. मोबाइल हरवलाच तर पोलिसांत तक्रार देऊन केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरून तो बंद करता येतो आणि तिथे हाच क्रमांक लागतो. पेटीतून गेलेल्या मोबाइलची जबाबदारी शाळेची की पालकांची, हे शिक्षक-पालक संघाच्या पहिल्या सभेत लेखी ठरलेले असावे. हा मुद्दा अवघड म्हणून सगळे टाळतात; ऑक्टोबरात तोच अंगाशी येतो.

परत देणे घेण्यापेक्षा नाजूक असते. शेवटचा तास बहुधा वर्गशिक्षकांचा नसतो. म्हणून दुसरी किल्ली पर्यवेक्षकांकडे असावी आणि शेवटच्या तासाच्या शिक्षकांनी ती घेऊन घंटेआधी पाच मिनिटे पेटी उघडावी. शेवटचा तास खेळाचा असेल तर मुले मैदानावरून वर्गात परत यायलाच हवीत. वेळापत्रक करतानाच हे पाहावे.

पालकांची खरी भीती ‘गरज पडली तर?’ ही असते आणि तिला उत्तर दिल्याशिवाय ते सहकार्य करणार नाहीत. कार्यालयात केवळ निरोपांसाठी एक मोबाइल असावा, त्याचा क्रमांक विद्यार्थी दैनंदिनीच्या पहिल्या पानावर छापावा, आलेला निरोप वहीत वेळेसह लिहावा आणि पुढच्या घंटेला वर्गात पोहोचवावा. मुलालाही तिथून घरी फोन करता यावा. मधुमेह असलेल्या मुलाचा साखर मोजणारा सेन्सर मोबाइलशी जोडलेला असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो मोबाइल त्याच्याजवळ राहू द्यावा आणि वर्गातल्या प्रत्येक शिक्षकाला ते ठाऊक असावे.

नियम मोडला तर काय, हेही आधी ठरवावे. पंधरा-पंधरा दिवस मोबाइल अडकवून ठेवणे चुकीचे आहे. अनेक घरांत तो आईचा एकुलता मोबाइल असतो. त्यावर बँकेचा ओटीपी येतो, गॅसची नोंदणी होते. पहिल्या वेळी त्याच दिवशी सुटताना मुलाच्या हाती, दुसऱ्या वेळी पालकांच्या हाती द्यावा. दंडाचे पैसे घेऊ नयेत. परिपाठात सगळ्यांसमोर मोबाइल आपटून फोडणे, मुलाला उभे करून त्यातले संदेश वाचून दाखवणे हा मानसिक छळ आहे आणि शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ तो करू देत नाही. गॅलरी उघडून तपासणे शिक्षकांचे काम नाही. मुलांची अश्लील छायाचित्रे असल्याचा संशय आला तर मोबाइल बंद करून पाकिटात घालावे, पाकिटावर मुख्याध्यापक आणि आणखी एका शिक्षकाने सही करावी, पालकांना बोलवावे आणि पोलिसांकडे द्यावे. बालकांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी मुलांनाही माहीत असावी. ‘पुरावा’ म्हणून ते छायाचित्र शिक्षकांच्या गटात पाठवू नये. तसे पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा होतो. चांगल्या हेतूने ही चूक होते आणि छायाचित्रातल्या मुलाचे वा मुलीचे नुकसान दुप्पट होते.

आम्हा शिक्षकांनाही यातून सूट नसावी. आंध्र प्रदेशाने २०२३ मध्ये शिक्षकांनाही वर्गात मोबाइल नेण्यास मनाई केली. आपल्याकडे ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा दिवसभर असतो. त्यासाठी वेळ शिक्षक-खोलीत मिळावी आणि तसे वरिष्ठ कार्यालयांनीही समजून घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गृहपाठ व्हॉट्सअॅपवर टाकणे थांबले पाहिजे. दिवसा मोबाइल हातातून काढून घ्यायचा आणि रात्री आठला ‘पान ४२ चे फोटो पाठवा’ म्हणायचे, यावर मूल विश्वास कसा ठेवील? गृहपाठ फळ्यावर लिहून दैनंदिनीत उतरवून घ्यावा. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ वर्गातल्या पडद्यावर सर्वांना एकदम दाखवावेत.

एवढे करूनही बंदीकडून किती अपेक्षा ठेवायची? बर्मिंगहॅम विद्यापीठाने इंग्लंडमधल्या ३० शाळांतील १२ ते १५ वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतील मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही; आठवड्याचा एकूण मोबाइल-वेळही जवळपास तेवढाच होता. शाळेची बंदी वर्गातले लक्ष आणि मधल्या सुट्टीतला खेळ परत मिळवू शकते. घरचे तास घरानेच सांभाळायचे आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातच्या भोंग्याला मोबाइल आणि टीव्ही दीड तास बंद ठेवायला सुरुवात केली. मोठ्यांनी स्वतःचा मोबाइलही खाली ठेवला, म्हणून ते जमले.

शिक्षण विभागाला आमची विनंती अशी की, नवे बंदीचे परिपत्रक काढताना त्यात पेटीचा खर्च कुठून करायचा हे स्पष्ट लिहावे. सरकारी शाळांना संयुक्त शाळा अनुदानातून आणि खासगी अनुदानित शाळांना वेतनेतर अनुदानातून तो करण्याची परवानगी द्यावी. परिपत्रक जून उजाडल्यावर न निघता एप्रिलमध्येच निघावे, म्हणजे सुट्टीत सुताराचे काम होईल आणि पहिल्या पालक सभेत पेटी टेबलावर ठेवून दाखवता येईल.

आपले,
सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांतले काही वर्गशिक्षक व पर्यवेक्षक