आजी घरी यायच्या आधी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी आजीला घरी सोडणार म्हणून फोनवर पलंग, बाई, एअर बेडचं भाडं हेच बोलणं होतंय आणि मुख्य गोष्टी राहून जातायत. म्हणून सगळं लिहून पाठवते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना जे हातात हात धरून शिकवावं लागतं तेच यात आहे, फक्त वॉर्डाऐवजी आपल्या माजघराच्या हिशेबाने. हे कागद पलंगाजवळच ठेवा.

अर्धांगानंतर घरी आलेल्या माणसाचं पुढचं दुखणं बरेचदा मेंदूतून येतच नाही. ते पाठीवर सतत दाब पडून येतं, अन्न चुकीच्या वाटेने उतरल्यामुळे येतं, नाहीतर इन्सुलिनच्या इंजेक्शनच्या चुकीच्या मापातून येतं. तिन्ही टाळता येतात आणि त्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

आधी कूस. आजीने दिवसा-रात्री एकाच जागी दोन तासांपेक्षा जास्त पडून राहायचं नाही. उजवी कूस, पाठ, डावी कूस असा फेरा ठेवा. डावी बाजू लुळी असल्याने त्या कुशीवरचा वेळ कमी ठेवा आणि डावा खांदा अंगाखाली न चिरडता थोडा पुढे ओढून घ्या. हाताला धरून नव्हे, खांद्याच्या पात्याखाली तळवा घालून. लुळ्या हाताला धरून ओढलं की खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. काखेत हात घालून उचलणंही त्याच कारणासाठी नको.

तिच्या अंगाखाली कायम एक आडवी चादर हवी, खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत. आईची जुनी सुती नऊवारी चौपदरी घडी करून घातली तरी उत्तम. आजीला उजव्या कुशीवर वळवायचं असेल तर दोघांनी दोन बाजूंना उभं राहून ती चादर अंगाजवळ गुंडाळून धरा आणि तिला आधी पलंगाच्या डाव्या कडेकडे सरकवा, म्हणजे वळल्यावर ती मध्यावर येते. डावा हात छातीवर, डावा गुडघा वाकवलेला. मग एकाने उजव्या बाजूला उभं राहून तिचा पलीकडचा खांदा आणि खुबा धरून तिला आपल्याकडे वळवायचं. ज्या बाजूला ती वळणार तिथे माणूस हवाच, नाहीतर ती थेट खाली. वळवण्याआधी तिला सांगा आणि तीन अंक मोजा. उजवा हात शाबूत आहे, ती कठडा धरून मदत करेल. बाबा, तुम्ही कंबरेतून वाकायचं नाही. गुडघे वाकवा, एक पाऊल पुढे ठेवा. पलंग तुमच्या मांडीपेक्षा खाली असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे घाला, मात्र तिला खुर्चीत बसवायचं ठरलं की ते काढायचे. तुमची पाठ गेली तर घरात दोन रुग्ण होतील.

कुशीवर तिला पूर्ण आडवं करू नका. पाठीमागे खांद्यापासून खुब्यापर्यंत उशी लावून साधारण 30 अंश कलवा, म्हणजे भार खुब्याच्या टोकदार हाडावर न पडता नितंबाच्या मांसल भागावर येतो. दोन गुडघ्यांमध्ये उशी अशी ठेवा की घोटेही एकमेकांना लागणार नाहीत. पाठीवर असताना पोटऱ्यांखाली उशी घाला आणि टाचा हवेत राहू द्या. टाच ही जागा सगळे विसरतात, मुलीही विसरतात.

दर वेळी वळवताना माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, कोपर आणि कानाची पाळ बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर आत इजा सुरू झाली आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लपते, म्हणून हाताच्या पाठीने जागा चाचपा: शेजारच्यापेक्षा गरम, टणक किंवा काळपट लागली तरी तोच अर्थ. त्या जागेवर भार अजिबात नको आणि चोळायचंही नाही. कोणीतरी येऊन स्पिरिट आणि पावडर लावायला सांगेल. पूर्वी वॉर्डातही तेच करत, पण स्पिरिटने कातडी सुकते आणि पावडरचे गोळे घामात चिकटून खरबरीत होतात. मधोमध भोक असलेली रबरी रिंगही नको. तिच्या कडांवर दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा अडतो. आणि हवेची गादी घ्या, पण ती आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. भाड्याने देणारे हे कधी सांगत नाहीत.

डायपर दर वेळी वळवताना तपासा. पुसताना पुढून मागे, मागून पुढे कधीच नाही, नाहीतर लघवीच्या जागी जंतू जातात. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा पातळ थर लावा. रबरी शीट कातडीला थेट लागू देऊ नका.

आता जेवण. याचीच मला जास्त भीती वाटते. लकव्यात गिळण्याचे स्नायूही मंदावतात आणि सगळ्यात धोकादायक पदार्थ म्हणजे पाणी, कारण ते घशात पळतं. पेज, पातळ वरण, ताकही तसंच. हॉस्पिटलमधून निघण्याआधी गिळण्याची तपासणी झाली का आणि पाणी किती घट्ट करून द्यायचं, हे विचारून लिहून घ्या. मऊ खिमट, घट्ट नाचणीचं सत्त्व, गाळलेलं घट्ट वरण चालेल. पोहे, चुरमुरे, कोरडी पोळी, दाणे नको. आजी पूर्ण जागी असेल तरच भरवा. पाठ सरळ 90 अंशाच्या जवळ, हनुवटी थोडी खाली. मान मागे गेली तर श्वासाची वाट उघडी पडते. एका वेळी अर्धा चमचा, घास उजव्या बाजूने. गिळल्याशिवाय पुढचा घास नाही. गळ्यावर बोट ठेवलं की घाटी वर सरकलेली जाणवते. नंतर डाव्या गालात बोट फिरवून अडकलेलं काढा, कारण त्या बाजूची जाणीव नसल्याने घास तिथेच साठतो. ताटाच्या डाव्या अर्ध्यातलं राहिलं तर तिने टाकलंय असं नव्हे, तिला ते दिसतही नसेल. खाताना ठसका लागला, आवाज ओला, गुरगुरल्यासारखा झाला किंवा डोळ्यांत पाणी आलं, तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास बसूनच. दिवसातून दोनदा दात, जीभ, टाळू मऊ ब्रशने साफ करा. तोंडातले जंतू फुफ्फुसात गेले की निमोनिया होतो. आई, तू तिला घाई करू नकोस. जेवायला अर्धा-पाऊण तास लागणारच.

इन्सुलिनबद्दल सावकाश वाचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा 1 मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतं आणि इन्सुलिन पेनमध्ये बसवायच्या काड्यांमधलं (कार्ट्रिजमधलं) 100 युनिट. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी टोपणाची. 20 युनिट द्यायचे म्हणून लाल सिरिंजने 100 च्या काडीतून 20 पर्यंत ओढलं, तर अंगात 50 युनिट जातील. उलट केलं, म्हणजे 40 ची बाटली आणि केशरी सिरिंज, तर फक्त 8. म्हणून पेनच्या काडीतून सिरिंजने कधीही ओढू नका. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा मोठ्याने वाचा, दुसऱ्याने ऐका. रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ हे पाच बरोबर आहेत का, हे वॉर्डात रोज म्हणतात, घरीही म्हणा. ढगाळ दिसणारी बाटली हलवू नका, तळव्यांत फिरवा. नाभीपासून चार बोटं दूर, पोटावर जागा बदलत टोचा. वापरातली बाटली साधारण 28 दिवस चालते, तारीख तिच्यावर लिहा. सुई टोपणात परत घालू नका. जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकून डब्याचं झाकण लावा.

इन्सुलिनआधी साखर तपासा आणि आजी किती खाणार याचा अंदाज घ्या. खाल्लंच नाही तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन. थरथर, घाम, गडबडलेलं बोलणं आणि साखर 70 च्या खाली असेल, तर 1 मोठा चमचा मध, थोडा थोडा, जिभेच्या उजव्या बाजूला. साखरपाणी नको, पातळ असतं. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. मात्र ती गुंगीत असेल तर तोंडात काहीच नाही. कुशीवर करा आणि 108 ला फोन लावा.

बीपी उजव्या हातात, पाच मिनिटं शांत बसल्यावर, पट्टा हृदयाच्या पातळीवर, मोजताना कोणी बोलायचं नाही. छोटा पट्टा आकडा वाढवून दाखवतो. चेहरा आणखी वाकडा झाला, दुसरा हातही पडू लागला किंवा बोलणं बदललं, तर ती शेवटची ठीक कधी होती ती वेळ लिहा आणि लगेच 108. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देतात. अर्थात हे झटक्याच्या दुसऱ्या वेळी चालेल का ते डॉक्टर ठरवतील. वेळ मात्र तुम्हालाच सांगता येईल.

हात साबणाने 40 ते 60 सेकंद धुवा: अंगठे, बोटांच्या फटी, नखांची टोकं. आई, बांगड्या कोपराकडे सरकव, अंगठी काढून ठेव. इन्सुलिनआधी, भरवण्याआधी, डायपरच्या आधी आणि नंतर. हातमोजे घातले म्हणून हात धुणं वगळता येत नाही.

एक वही करा. कूस बदलल्याची वेळ, साखर, इन्सुलिन, जेवण, लघवी, शौच, कातडीवर दिसलेलं काहीही. रात्री वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा, मी वाचून फोन करेन. उद्या हॉस्पिटलमध्ये डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक गोळी कधीपर्यंत, कुठली चुरून चालेल आणि कुठली नाही, हे विचारून घ्या. काही गोळ्यांत औषध सावकाश सुटावं म्हणून तसा लेप असतो आणि त्या चुरल्या तर सगळं औषध एकदम उतरतं. कॅथेटर (लघवीची नळी) लावूनच घरी पाठवणार असतील, तर तो किती दिवसांनी काढायचा हेही विचारा. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली लटकवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा.

रविवारी मी येतेय, तोवर तिला खुर्चीत उतरवायचं धाडस करू नका.

तुमची,
सुमा