तेलविहिरीच्या पाण्यातले जिवाणू: शिरीषला पत्र

मुंबई

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या विहिरींतून येणाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला. सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यांच्या डीएनएचं वाचन, कुठून करून घ्यायचं हे तू विचारलंयस, पण ते त्यातलं सगळ्यात सोपं काम. बिघडतं ते बाटलीत, म्हणून आधी तेच लिहितो.

वेलहेडच्या, म्हणजे विहिरीच्या तोंडावरच्या, नळाला येणारं पाणी म्हणजे निव्वळ खडकातलं पाणी नव्हे. ते लांबलचक ट्यूबिंगमधून वर येतं आणि त्या पोलादाला आतून जिवाणूंचा चिकट थर धरलेला असतो. नळ उघडल्याबरोबर पहिलं पाणी घेतलंस, तर यादीत पाइपातलेच जीव भरतील. प्लॅटफॉर्मवरच्या माणसांना विचारून ते आधी चांगलं वाहू दे. ग्लुटाराल्डिहाइडसारखं जंतुनाशक शेवटचं कधी सोडलं, तेही त्यांच्याकडून लिहून घे. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा मॉनिटर अंगावर असल्याशिवाय नळाजवळ जाऊ नकोस. वासावर तर मुळीच विसंबू नकोस, कारण 100 पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो.

निर्जंतुक बाटली काठोकाठ भर, हवेचा बुडबुडाही राहू देऊ नकोस. हवा राहिली की स्यूडोमोनास, मॅरिनोबॅक्टर यांच्यासारखे ऑक्सिजनवर जगणारे बघता बघता फोफावतात आणि खऱ्या रहिवाशांना झाकून टाकतात. बर्फात ठेवलं तरी बोटीनं न्हाव्याच्या धक्क्याला आणि तिथून ट्रॅफिकमधून लॅबपर्यंत यायला वेळ जातोच. त्यामुळे जमेल तर पाणी प्लॅटफॉर्मवरच गाळून घे आणि जीव अडकलेला फिल्टर गोठवून आण.

गाळताना 0.22 मायक्रॉनचा फिल्टर तेलानं लगेच तुंबतो. पाणी आधी सेपरेटिंग फनेलमध्ये निवळू दे, तेल वर आलं की खालचं पाणी हळू काढून घे. जिवाणू इतके विरळ असतात की एका लिटरमधून पुरेसा डीएनए मिळेलच असं नाही. पाणी जास्तच आण. आणि अशा विरळ नमुन्यात डीएनए काढायच्या किटमधलाच डीएनए डोकं वर काढतो. राल्स्टोनिया किंवा ब्रॅडिरायझोबियम दिसले, तर तेलात नवा जीव सापडला म्हणून हुरळून जाऊ नकोस. नुसतं निर्जंतुक पाणी त्याच बाटलीतून, त्याच फिल्टरमधून, त्याच किटमधून काढ. त्या कोऱ्या नमुन्याशिवायचा निकाल मी तरी मानणार नाही.

आता विविधतेबद्दल. जिवाणू ओळखायला वापरतात ते 16एस हे सुमारे 1,500 बेसचं (डीएनएच्या अक्षरांचं) एकच जनुक, आणि त्यावर सगळी भिस्त ठेवणं मला पटत नाही. जपानमधल्या कुबिकी तेलसाठ्यातून थर्मोटोगा पेट्रोफिला आणि थर्मोटोगा नॅफ्थोफिला या उष्णतेत वाढणाऱ्या जिवाणूंच्या दोन जाती वेगळ्या केल्या, 2001 मध्ये त्यांचं वर्णन झालं. दोघींचं 16एस जवळजवळ सारखं. 97 टक्के जुळलं की एकच जात मानायची, ही जुनी चाळणी तू लावलीस तर त्या एकाच खान्यात पडतील. इटलीतल्या समुद्रतळाची त्यांची बहीण थर्मोटोगा मॅरिटिमा घे: 1999 मध्ये तिचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला, तेव्हा जवळपास चौथाई जनुकं आर्कियाच्या (जिवाणूंसारख्याच दिसणाऱ्या, पण वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांच्या) जनुकांशी सर्वांत जास्त जुळणारी निघाली. जनुकांची ही देवाणघेवाण 16एसमध्ये दिसत नाही. निदान काही निवडक नमुन्यांचं तरी मेटाजीनोम कर, म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या जीवांचा सगळा डीएनए वाच.

सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड करणाऱ्यांसाठी, त्या क्रियेचं डीएसआर जनुक वेगळं बघ. ते एका कुळातले नाहीत, त्यात बॅक्टेरिया आहेत तसा आर्किओग्लोबससारखा आर्कियाही आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 2,700 मिलिग्रॅम सल्फेट असतं. तेच पाणी साठ्यात ढकललं की या मंडळींना सल्फेट आयतं मिळतं आणि साठा आंबतो, म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाइड वाढतो. त्यावर नायट्रेट सोडतात, म्हणजे नायट्रेट वापरणारे जिवाणू त्यांचं सेंद्रिय अन्न आधी पळवतात. तुझ्या विहिरीत पाणी कुठल्या बाजूनं ढकललंय, हे कळल्याशिवाय यादीचा अर्थ लावू नकोस.

विहिरीच्या तळाचं तापमान मला नक्की कळव. साधारण 80 अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या साठ्यांत मूळचे जीव टिकण्याची शक्यता फार कमी. तुझा आकडा त्याच्या वर असेल तर नमुन्याबरोबर ढकललेल्या समुद्राच्या पाण्याचीही एक बाटली घे, म्हणजे दोन्ही याद्या शेजारी ठेवता येतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मकरंद