डेटा शीटचा अकरावा विभाग मराठीत लावा

संपादक महोदय,

कुपवाड, मिरज एमआयडीसीत मिथेनॉल या विषारी औद्योगिक अल्कोहोलची पिंपे हाताळणाऱ्या कामगारांसाठी हे पत्र. पिंपासोबत येणारी सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारे पत्रक, बहुधा इंग्रजीत असते. तिच्या विषारीपणाच्या अकराव्या विभागात पांढऱ्या उंदरासाठी तोंडावाटे एलडी-50, म्हणजे निम्मे उंदीर मरतील तो डोस, किलोमागे साधारण 5600 मिलिग्रॅम दिलेला आढळतो. आकडा मोठा, म्हणून द्रव निरुपद्रवी, असा समज होतो आणि तो जिवावर बेततो. मिथेनॉलपासून शरीरात तयार होणारे फॉर्मिक आम्ल उंदराच्या यकृतात झपाट्याने मोडले जाते. माणसाच्या अंगात ते साचते आणि आधी डोळ्याच्या नसेवर घाला घालते. जेमतेम 10 मिली पोटात गेल्यानेही दृष्टी जाऊ शकते.

अशा चाचण्यांत पूर्वी डझनावारी उंदीर मारले जात. ती 401 क्रमांकाची पद्धत ओईसीडी या आर्थिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2002 अखेर रद्द केली, हे फार चांगले झाले. आता 423 क्रमांकाच्या पद्धतीत एका टप्प्याला तीनच उंदीर, शक्यतो माद्या, लागतात. डोस किलोमागे 5, 50, 300 किंवा 2000 मिलिग्रॅम. आदल्या रात्री खाणे काढायचे, पाणी ठेवायचे. सकाळी वजन करून नळीने थेट जठरात रसायन सोडायचे; 200 ग्रॅमच्या उंदराला एरवी 2 मिलीच्या आत. पहिले चार तास बारीक लक्ष आणि पुढे 14 दिवस रोज नोंद, कारण काही विषे उशिरा मारतात. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर उंदीर गुदमरून मरतो आणि दोष रसायनावर जातो. म्हणून शवविच्छेदनात फुफ्फुसे तपासलीच पाहिजेत.

चाचणी निर्दोष झाली तरी ती एका वेळच्या, एकाच रसायनाच्या डोसाची असते. तासगाव, पलूसकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षकाडीचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाईड हे रसायन लावतात. ते अंगात गेले आणि त्याच संध्याकाळी मजुराने दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, दम लागतो. दारू पचवणारी साखळी ॲसिटाल्डिहाइड या मधल्या विषारी पदार्थापाशी अडते. चाचणीतल्या उंदराच्या पोटात दारू नव्हती.

धोकादायक रसायनांसाठी डेटा शीट 1989 च्या नियमांनुसार बंधनकारकच आहे. कारखान्यांनी तिचे प्रथमोपचाराचा चौथा आणि हा अकरावा विभाग मोठ्या मराठी अक्षरांत पिंपांजवळ लावावेत. मिथेनॉल वाफेतून आणि कातडीतूनही अंगात भिनते, हे त्यात असावे. डोळ्यांसमोर धुके आल्यासारखे वाटले, तर दवाखान्यात पोचताच ‘मिथेनॉल’ हे नाव आधी सांगा, हेही त्यावर लिहावे.

– विषशास्त्राचे एक अभ्यासक, विश्रामबाग, सांगली