जुन्या टीव्हीतले सगळे कॅपॅसिटर सरसकट बदलू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जुने पिक्चर ट्यूबवाले टीव्ही माळ्यावरून काढून परत चालू करायची हौस हल्ली बऱ्याच जणांना लागलीय, त्यात जुने व्हिडिओ गेम खेळणारे जास्त, आणि छानच आहे ते. पण जो तो एकच सल्ला देत सुटलाय, मागचं झाकण उघडा आणि आतले सगळे कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे पार्ट, बदलून टाका. मला हे अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय.

मुळात सगळे कॅपॅसिटर म्हातारे होतच नाहीत हो. सुकतात ते मुख्यतः इलेक्ट्रोलायटिक, ते उभे गोल डबीसारखे, त्यांच्या आतलं ओलं रसायन खालच्या रबरी बुचातून हळूहळू उडून जातं, आणि जितकी उष्णता जास्त तितकं लवकर, १० अंश तापमान वाढलं की आयुष्य अर्धं असा ढोबळ हिशोब आहे. म्हणून तर हीटसिंकला, म्हणजे तापणारे पार्ट गार ठेवणाऱ्या पत्र्याला, चिकटून बसलेला चिमुकला ४७ मायक्रोफॅरडवाला (मायक्रोफॅरड म्हणजे साठवायच्या क्षमतेचं माप) आधी जातो आणि लांब गार कोपऱ्यातला मोठा ठणठणीत राहतो. मग बदलायचा कुठला ते टीव्हीच सांगतो की! चित्र वरून दबलंय, वरच्या भागात पांढऱ्या रेघा गोळा झाल्यात, तर व्हर्टिकल आयसीच्या, म्हणजे चित्र वरखाली ताणणाऱ्या चिपच्या, आजूबाजूचे बघा. सुरूच व्हायला कुरकुर करतोय, तर पॉवर सप्लायमधले छोटे. चित्रात जाड पट्टा खालीवर सरकतोय, कडा वळवळतायत, तर पॉवर सप्लायमधले मोठे फिल्टर कॅपॅसिटर. आणि नुसते मायक्रोफॅरड मोजून खूश होऊ नका, तो आकडा बरोबर येतो पण ईएसआर, म्हणजे आतला रेझिस्टन्स, वाढलेला असतो, त्यासाठी ईएसआर मीटरच लागतो. वरून फुगलेला नाही म्हणून चांगला, असंही काही नाही. कित्येकदा तर कॅपॅसिटर बिचारा निर्दोष असतो आणि फ्लायबॅकच्या, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांचं सोल्डर तडकलेलं असतं.

सरसकट बदलण्यात दुसरी गोची अशी की तीसचाळीस बदलताना एखादा उलटा लागतोच, शिवाय जुन्या बोर्डाची तांब्याची पट्टी जास्त तापली की सुटून येते, म्हणजे चालू टीव्ही बंद पाडायची पूर्ण सोय.

सगळ्यात जपायचं ते हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरजवळच्या (फ्लायबॅक चालवतो तो) चपट्या फिल्म कॅपॅसिटरला. १६०० किंवा २००० व्होल्टचा असतो, तो सुकत वगैरे नाही, आणि तिथे कमी व्हॅल्यूचा टाकला तर पल्स वाढते, हाय व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं, ट्रान्झिस्टर उडतो आणि ट्यूबमधून एक्स रे वाढायची भीती वेगळीच. तो खरंच खराब निघाला तर अगदी त्याच व्हॅल्यूचा, त्याच जातीचा पॉलिप्रॉपिलीनच लावा, जवळपासचा चालेल म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

प्लग काढला म्हणजे सुटलो असंही समजू नका. २३० व्होल्टच्या लाइनवर मेन फिल्टरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेलं असतं, ते रेझिस्टरमधून उतरवायचं आणि मीटर लावून खात्री करायची, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्यात कसलीही मर्दुमकी नाही. कलर ट्यूबच्या ॲनोडला, म्हणजे फ्लायबॅकची जाड वायर ट्यूबला लागते तिथे, तर २० ते ३० हजार व्होल्ट असतात आणि ट्यूब स्वतःच एक मोठा कॅपॅसिटर आहे, मधे काच आणि आतबाहेर काळा थर. ती डिस्चार्ज करताना, म्हणजे साठलेली वीज उतरवताना, वायरचं टोक ट्यूबच्या बाहेरच्या थरावरून जाणाऱ्या जाळीच्या तारेला जोडायचं, बोर्डाच्या ग्राउंडला नाही, आणि थोड्या वेळाने परत एकदा करायचं कारण चार्ज थोडा परत येतो. ज्याने हे कधी कुणी करताना पाहिलेलं नाही त्याने झाकण उघडूच नये, स्पष्टच सांगतो.

नवे लावताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, तापमान १०५ अंशवाला घ्या. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये साधा फिलामेंटचा बल्ब लावा आणि डिगॉसिंग कॉइलचा (ट्यूबवरचं चुंबकत्व घालवणारी) प्लग तेवढ्यापुरता काढून ठेवा, नाहीतर ती कॉइल सुरुवातीला इतका करंट खेचते की बल्ब भगभगतो आणि माणूस शॉर्ट शोधत बसतो.

तुमच्या पेपरात पुढे कधी या छंदावर लेख आला तर ट्यूब डिस्चार्ज करायचा भाग आधी छापा, पार्ट्सची यादी नंतर.

आपला,
एक वाचक